मुद्दा आत्म्याचा नाही

दिवाळी अंकात मरणाचा विषय काढू नये, असा एक अलिखित संकेत आहे. चकली-चिवड्याच्या ताटाशेजारी हा अंक उघडला जातो, मुले चित्रे पाहतात, आजी राशिभविष्य आधी वाचते. अशा वेळी थडग्याबिडग्याच्या गोष्टी कशाला? पण हा संकेत मला कधीच पटलेला नाही. यमाची आठवण दिवाळीइतकी ठेवणारा दुसरा कोणता सण आपल्याकडे आहे? धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावायचा तो यमासाठी. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगानंतर तर्पण करायचे तेही यमालाच. आणि भाऊबीजेचे पंचांगातले नावच मुळी यमद्वितीया! ज्या सणात बहीण भावाला ओवाळताना मनातल्या मनात मृत्यूशी चार शब्द बोलून घेते, त्या सणाच्या अंकात मी मरणावर लिहिले तर वाचकांनी ते अशुभ मानू नये.

तेव्हा सरळ भांडणालाच लागतो. हे भांडण जुने आहे आणि ते शत्रूंशी नाही, स्नेह्यांशी आहे. मी मराठी ख्रिस्ती आहे. दरवर्षी ईस्टरच्या सुमारास, आणि हटकून दिवाळीच्या फराळाच्या वेळीही, कुणीतरी सुविद्य मित्र माझ्या पाठीवर प्रेमाने हात ठेवून म्हणतो, "अहो, तुमचे पुनरुत्थान आणि आमचा अमर आत्मा, शेवटी एकच की हो! शब्द निराळे, एवढेच." हे म्हणण्यामागे केवढा सद्भाव असतो हे मला कळते. त्या सद्भावाबद्दल मी त्याचे आभार मानतो, आणखी एक करंजी घेतो आणि सांगतो की, नाही, एकच नाही. मुद्दा आत्म्याचा नाहीच.

शब्दापासून सुरुवात करू. ग्रीक भाषेतला मूळ शब्द आहे 'अनास्तासिस'. त्याचा अर्थ पुन्हा उभे राहणे, उठणे. आपल्या मराठी शास्त्र्यांनी आणि पाळकांनी त्यासाठी 'पुनरुत्थान' हा शब्द वापरला, तो इतका नेमका आहे की बोलता सोय नाही. उठतो कोण? जो पडला आहे तो. आत्मा अमर असेल तर तो पडलेलाच नाही, मग तो उठणार कसला? पडते ते शरीर. ते ताठ होते, गार पडते, त्याला आपण चौघे मिळून उचलतो. ख्रिस्ती विश्वास ज्याच्याविषयी बोलतो आहे ते हे, चौघांनी उचललेले. गीतेतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त सर्वांना ठाऊक आहे; त्या दृष्टान्ताची भव्यता मी नाकारत नाही. पण त्यात देह हे वस्त्र आहे आणि वस्त्र टाकून देण्यासाठीच असते. येरुशलेमातल्या त्या सकाळी जी बातमी फुटली ती नेमकी याच्या उलट होती. टाकून दिलेले परत आणले गेले होते.

मग हे सावित्रीच्या कथेसारखे आहे का? तेही नाही. सत्यवान यमाच्या पाशातून सुटला, घरी आला, राज्य केले, आणि यथाकाल मरण पावला. बेथानीचा लाजरही असाच. चार दिवसांनी थडग्यातून बाहेर आला खरा, पण त्यालाही पुढे केव्हातरी मरावे लागलेच. या दोघांना मिळाली ती मुदतवाढ. येशूविषयीचा दावा मुदतवाढीचा नाही. मरण पाठीमागे टाकून पलीकडे निघून गेल्याचा आहे. आणि तुकोबांचे सदेह वैकुंठगमन? या मातीत वाढलेल्या माणसाला ते आठवल्यावाचून राहत नाही. देहाला बरोबर नेणारी ती परंपरा मला माझ्या विश्वासाच्या जवळची वाटते, हे मोकळेपणाने सांगतो. पण तिथेही दिशा निराळी आहे. तुकोबा इथून तिकडे गेले. इथे मात्र सरकारने ज्याला मारून पुरले तो मेलेल्यांतून परत आपल्याच माणसांत आला, आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल तर भ्यालेल्यांना भिऊ नका म्हणून सांगितली.

आमच्या मित्रांना वाटते तसे ते गोड आणि सर्वमान्य असते, तर अथेन्सचे विद्वान हसले नसते. पौल त्या नगरात अरीयपगावर बोलायला उभा राहिला, तेव्हा एका ईश्वराविषयी त्याने जे सांगितले ते त्या तत्त्वज्ञांनी शांतपणे ऐकून घेतले. मेलेल्यांच्या उठण्याची गोष्ट निघाली मात्र, आणि काहींनी थट्टा सुरू केली. त्यांना अमर आत्मा नवा नव्हता. प्लेटोने तो त्यांना चारशे वर्षांपूर्वीच दिला होता. देह परत येतो हे मात्र त्यांना अडाण्यांचे वाटले. सुशिक्षित माणसाला देहाची लाज वाटते ती तेव्हापासूनची. किंवा त्याच्याही आधीपासूनची असेल.

आता ही कल्पना आली कुठून? ती कुणा तत्त्वज्ञाच्या निवांत अंगणात उगवली नाही. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास अंत्युखस चौथा या राजाने यहुद्यांचा धर्म मोडण्याचा चंग बांधला. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात त्या काळची एक कथा आहे. (आम्हा प्रॉटेस्टंटांच्या बायबलात हा ग्रंथ नाही, कॅथलिकांच्या आहे, आमचे नुकसान.) एका आईचे सात मुलगे तिच्या डोळ्यांदेखत एकेक करून हालहाल करून मारले गेले. त्यांतल्या तिसऱ्याने जीभ आणि हात आपण होऊन पुढे केले, आणि सांगितले की हे मला देवाने दिले होते, ते मी त्याच्याकडूनच परत घेईन. कापलेले हात परत मागणारा हा मुलगा अमरत्वाची चर्चा करीत नव्हता. तो न्याय मागत होता. जो नीतीने वागला तो तुकडे होऊन मेला, आणि ज्याने तुकडे केले तो बिछान्यात सुखाने झोपला, तर देव आहे म्हणून उपयोग काय? पुनरुत्थानाची आशा या प्रश्नाच्या पोटी जन्मली. आणि ती सर्वांना पटली असेही नाही. येरुशलेमच्या मंदिराचा कारभार ज्यांच्या हाती होता, त्या श्रीमंत सदूकी लोकांनी ती साफ नाकारली. ज्यांचे या जगात बरे चालले आहे त्यांना हिशेब पुन्हा उघडलेला नको असतो.

वधस्तंभ म्हणजे काय हेही आपण विसरलो आहोत. तो गळ्यातला दागिना झाला आहे. रोमी राज्यात ती शिक्षा मुख्यतः गुलामांची आणि बंडखोरांची होती. इसवी सनापूर्वी ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने सहा हजार गुलामांना खांबांवर टांगले होते. त्या सहा हजारांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. नाव पुसणे हाच त्या शिक्षेचा हेतू होता. १९६८ साली येरुशलेमच्या उत्तरेला एका थडग्यात दगडी पेटी सापडली. तीत एका माणसाच्या टाचेचे हाड होते आणि हाडात आरपार गेलेला लोखंडी खिळा होता. खिळ्याचे टोक वाकले होते, म्हणून तो काढता आला नाही, तसाच पुरावा लागला. पेटीवर त्याचे नाव कोरले होते, यहोहानान. इतिहासाने आपल्यासाठी जपून ठेवलेली ही एक टाच पाहिली की वधस्तंभावरची सारी सुंदर चित्रे एकदम फिकी पडतात.

अशा रीतीने मारलेल्या एका सुताराविषयी कुणी म्हणाले की देवाने त्याला उठवले, तर त्या काळच्या माणसाला ते काय ऐकू आले असेल? 'मृत्यूनंतर जीवन आहे' एवढेच खास नाही. त्याला ऐकू आले असेल की पिलाताचा निकाल वरच्या न्यायालयाने फिरवला. झाडावर टांगलेला शापित समजावा असे त्यांचे नियमशास्त्र सांगत होते; तोच शापित देवाचा निघाला. गुलामाच्या मरणाने मेलेला सर्वांचा धनी ठरला. या बातमीतला दारूगोळा ज्यांना दिसला त्यांनी ती सांगणाऱ्यांना तुरुंगात घातले, ते उगीच नव्हे. आत्मा अमर आहे असे म्हणणाऱ्याला कुठल्याही बादशहाने आजवर तुरुंगात घातलेले नाही.

"पण पुरावा?" हा प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्यावर डोळे वटारणाऱ्या धर्मगुरूंचा मला राग येतो. उठण्याचा क्षण कुणीच पाहिला नाही. चारही शुभवर्तमानांत त्या क्षणाचे वर्णन नाही. ही गोष्ट मला त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण वाटते. पौलाने करिंथकरांस पहिले पत्र लिहिले ते इसवी सन ५५ च्या आसपास, म्हणजे घटनेनंतर पंचवीसएक वर्षांनी. त्यात तो साक्षीदारांची यादी देतो: पेत्र, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब. आणि त्या पाचशेंतले बहुतेक अजून हयात आहेत असेही नमूद करतो. दंतकथा रचणारा माणूस जिवंत साक्षीदारांकडे बोट दाखवीत नाही. आणि थडग्याकडे पहिल्यांदा गेले कोण, तर बायका. योसेफस या त्याच शतकातल्या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की बायकांची साक्ष ग्राह्य धरू नये. दुसऱ्या शतकात केल्ससनामक विद्वानाने ख्रिस्ती लोकांची टर उडवली ती याच मुद्द्यावर, की तुमचा साक्षीदार कोण, तर एक भ्रमिष्ट बाई! गोष्ट बनवायचीच होती तर पेत्राला किंवा अरिमथाईकर योसेफाला दाराशी उभे करायला कुणाची हरकत होती? बनवणाऱ्याने मरीया मग्दालीया निवडली नसती. तिने तरी काय केले? समोर उभ्या असलेल्याला तिने माळी समजले. आणि मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या प्रती तर बायका भिऊन पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, इथेच संपतात. एवढ्यावरून पुनरुत्थान सिद्ध होते असे मी म्हणत नाही. न्यायालयात सिद्ध होणारी ती गोष्ट नव्हे. पण ही साक्ष बनावट वाटत नाही, एवढे कुठल्याही सरळ वकिलाने कबूल करावे.

याउलट आमच्या बुद्धिवादी मित्रांना एक गोष्ट बिनपुराव्याची चालते. ती म्हणजे काश्मीर! येशू वधस्तंभावर मेलाच नाही, बेशुद्ध पडला, मग जडीबुटीने बरा झाला आणि थेट काश्मीरला आला. मरणातून उठणे अशक्य म्हणणारा माणूस हातापायांत खिळ्यांची भोके घेऊन माणूस काश्मीरपर्यंत चालत येतो हे मात्र चहाच्या घोटाबरोबर गिळतो. या कथेचा इतिहास मोठा रंजक आहे. १८९४ साली नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने पुस्तक काढले की लडाखच्या हेमिस मठात येशूच्या हिंदुस्थानातल्या वास्तव्याची पोथी आपण पाहिली. मॅक्स म्यूलरने त्याच वर्षी त्या पुस्तकाची साले काढली. पुढच्या वर्षी डग्लस नावाचा एक प्राध्यापक स्वतः हेमिसला जाऊन मठाधिपतीला भेटला, तर अशी पोथी इथे नाही आणि असा पाहुणाही कुणी आला नव्हता, असे उत्तर मिळाले. नोटोविचची कथा वधस्तंभाच्या आधीची होती; वधस्तंभानंतरचा प्रवास जोडला मिर्झा गुलाम अहमद यांनी, १८९९ मध्ये. श्रीनगरच्या खानयार मोहल्ल्यातले रोझाबल हे युझ आसफचे थडगे म्हणजेच येशूचे, असे त्यांचे म्हणणे. गंमत अशी की युझ आसफ हे नाव, विद्वानांच्या मते, 'बोधिसत्त्व' या शब्दापासून निघाले. बुद्धचरित्राची कथा पश्चिमेकडे जाताना बोधिसत्त्वाचा बुदासफ झाला, बुदासफाचा युदासफ. म्हणजे ज्याच्या थडग्यावर आम्ही येशूला झोपवतो आहोत तिथे नावापुरता तरी गौतम निघायचा!

मराठीतही हे बीज पेरले गेले. बाबाराव सावरकरांचे 'ख्रिस्तपरिचय' १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या मते येशू तमिळ ब्राह्मण. तो वधस्तंभावरून वाचला आणि अखेर काश्मीरात देह ठेवता झाला. हे पुस्तक २०१६ मध्ये पुन्हा वाजतगाजत आले. बाबारावांच्या अंदमानातल्या यातनांपुढे माझे मस्तक नमते. या पुस्तकापुढे नमत नाही. आणि त्यातला खरा दोष भूगोलाचा नाही. येशूला ब्राह्मण करण्यात त्याचा गौरव आहे असे ज्याला वाटते, त्याला गुलामाच्या खांबावर मेलेल्या माणसात देवाने काय पाहिले हे कसे कळणार? बेशुद्धीच्या कल्पनेचा निकाल तर डेव्हिड स्ट्राउस या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकातच लावला होता. स्वतः त्याचा पुनरुत्थानावर काडीचाही विश्वास नव्हता. पण अर्धमेला, रखडत आलेला, मलमपट्टीची गरज असलेला इसम पाहून शिष्यांना हा मृत्युंजय आहे असे वाटणे शक्य नाही, हे त्याने स्वच्छ दाखवून दिले. असा अविश्वासी मला दहा भाबड्या भाविकांहून प्रिय आहे.

आणखी एक पंथ आहे, तो आमच्याच घरातला. बुल्टमानने १९४१ नंतर चालना दिलेल्या वादातून निघालेला. त्यांचे म्हणणे असे की येशू शिष्यांच्या संदेशात जिवंत झाला, थडग्यात काय घडले हा प्रश्न गैरलागू. हे ऐकायला भारदस्त वाटते. पण माझ्या शेजारणीचा मुलगा गेला तेव्हा तो तुमच्या आठवणीत जिवंत आहे असे तिला सांगणाऱ्यांकडे तिने ज्या नजरेने पाहिले ती मी पाहिली आहे. आठवणी तिच्याजवळ होत्याच. तिला मुलगा हवा होता.

आता आमच्या मंडळ्यांकडे वळतो. त्यांना सोडले तर हे भांडण एकतर्फी होईल. आम्ही पुनरुत्थानाचे काय केले? उत्तम शुक्रवारी मंदिरात पाय ठेवायला जागा नसते. ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत जमतो, फुले वाहतो, येशू उठला आहे असे एकमेकांना सांगतो, आणि घरी येऊन जेवतो. उपदेशात ऐकतो की आपणही मेल्यावर स्वर्गात जाऊ. म्हणजे देहाचा मुद्दा टाकून आम्हीही आत्म्याच्या बैठकीत जाऊन बसलो! १६१६ साली फादर स्टीफन्स यांनी रायतूरला 'क्रिस्तपुराण' छापून ही कथा ओवीत सांगितली, टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. चारशे वर्षे मराठीत ही गोष्ट आहे, आणि आम्ही तिचे तिकीट करून खिशात ठेवले आहे. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या थडग्यांमध्ये भिंत घातल्याचे प्रकरण देशभर गाजले. मेलेले उठणार अशी कबुली दर रविवारी उभ्याने म्हणणाऱ्यांनी ती भिंत बांधली. त्या दिवशी उठल्यावर भिंतीच्या कुठल्या बाजूने बाहेर पडायचे हेही त्यांनी ठरवून ठेवले असेल. आमच्या महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनी हसू नये. सोयरीक जुळवताना आम्ही काय विचारतो ते आम्हाला ठाऊक आहे.

दुसऱ्या बाजूला, जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका पाळकाचे शव तीन आठवड्यांच्या आसपास शवागारात पडून होते. गावच्या भूमीत त्याला पुरू देण्यास विरोध झाला. आपल्या वाडवडिलांशेजारी बापाला मूठमाती देऊ द्या, एवढे मागण्यासाठी मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला आणि अखेर गावापासून दूर, ख्रिस्ती दफनभूमीत पुरावे असा आदेश निघाला. मला त्या मुलाचा हट्ट फार मोठा वाटतो. आत्मा अमर आहे, शरीर कुठेही पुरा, असे सांगणारे शहाणे त्याला पुष्कळ भेटले असतील. त्याने ते ऐकले नाही. मेलेल्या देहाचीही काही पत असते, हे त्याने देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायासनापुढे म्हटले. आमच्या कित्येक ईस्टरच्या उपदेशांत एवढे पुनरुत्थान नसते.

आणि पंडिता रमाबाई. १८७४ च्या दुष्काळात आईबाप उपासाने गेले, पुढे बहीण, मग भाऊ, मग १८८२ मध्ये नवरा. मरणाविषयी या बाईला कुणी शिकवण्यासारखे काही उरले नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली आणि हाडांचे सापळे झालेल्या पोरी गाडीत घालून घेऊन आली. केडगावला त्यांना राहायला जागा केली आणि तिला नाव दिले 'मुक्ती'. या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ कोणता? देहातून सुटका. रमाबाईंनी तो शब्द घेतला आणि त्यात विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, पोरींच्या अंगावर मांस चढवले. काही विद्वानांना हे समाजकार्य वाटते, आमच्या काही पाळकांना धर्मांतराची आकडेवारी वाटते. मला तिथे पौलाचा अनास्तासिस दिसतो. जे पडले होते ते उभे राहिले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवीत राहिल्या आणि ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मुलगी गेल्यावर, पुनरुत्थानाचे ते अध्याय पुन्हा डोळ्यांखालून घालताना ही आई कुठल्या शब्दापाशी थांबली असेल, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

शेवटी एका तपशिलाकडे वाचकांचे लक्ष वेधतो, कारण तो माझ्या सर्व विद्वान मित्रांनी वाचलेला असून कुणीच मनावर घेतलेला नाही. उठलेल्या येशूच्या अंगावर जखमा तशाच आहेत. मरण जिंकणाऱ्याला खिळ्यांचे व्रण पुसून टाकता आले नसते काय? थोमाला तो त्याच जखमा दाखवतो. गेलेला गेला, झाले गेले विसरा, असे देव म्हणत नाही. जे केलेत ते त्या देहावर लिहिलेले राहणार, आणि ज्याच्यावर केलेत तोच तुमच्याशी शांतीने बोलणार. मग गालीलच्या किनाऱ्यावर तो सकाळीच कोळसे पेटवतो, मासे भाजतो, भाकर ठेवतो, आणि रात्रभर जाळी टाकून दमलेल्या कोळ्यांना न्याहारीला बोलावतो. त्यांत तीन वेळा नाकारणारा पेत्रही आहे. आमच्या वसईच्या, अलिबागच्या कोळणींना हा प्रसंग सांगून पाहा. त्या आधी विचारतील, मासे किती होते? योहानाने आकडा देऊन ठेवला आहे: एकशे त्रेपन्न.